लोह कुठे जातंय?

आईच्या फाइलमध्ये एकाच लॅबचे चार कागद आहेत. ऑगस्ट २०२१, हिमोग्लोबिन ९.८. ऑक्टोबर, १०.९. फेब्रुवारी २०२२, ८.६. मे २०२२, ७.१. पहिल्याच कागदाच्या तळाशी पॅथॉलॉजिस्टने शेरा लिहिला होता: लाल पेशी लहान आणि फिकट आहेत, लोहाच्या तपासण्या करून घ्याव्यात. हा शेरा मी नीट वाचला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. तो छापल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, आणि आईच्या मोठ्या आतड्यातली गाठ सापडून महिना.

ते वर्षभर आई एकाच फिजिशियनकडे जात होती. तक्रारी त्याच त्या: दम लागतो, जिना चढवत नाही, दुपारी ग्लानी येते. आधी लोहाच्या गोळ्या झाल्या, मग शिरेतून लोह, मग मे महिन्यात तीन दिवस ॲडमिट करून दोन पिशव्या रक्त. सोनोग्राफीत काही निघालं नाही. डिस्चार्ज कार्डावर निदान होतं, ‘पोषणाअभावी ॲनिमिया’. बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं, हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की आम्हालाही ते पटून गेलं. आई एकसष्ट वर्षांची होती. पाळी थांबून दहा वर्षं झालेल्या बाईच्या अंगातलं लोह असं संपत जात असेल, तर कुठून तरी रक्त जातंय किंवा आतडं लोह शोषत नाहीये, हे आधी तपासायचं असतं. मला हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनी ते तपासलं का, एवढ्याच प्रश्नाभोवती आमची पुढची तीन वर्षं गेली.

जुलैमध्ये आई माझ्याकडे राहायला आली होती. चार पायऱ्यांवर ती थांबली आणि मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चारही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, “लोह भरताय ते ठीक. पण ते जातंय कुठे?” पुढच्या दहा दिवसांत शौचातून न दिसणारं रक्त जातंय का याची तपासणी, कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, बायोप्सी आणि सीटी स्कॅन झालं. गाठ सीकमला होती, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, उजवीकडे. तिथे आतडं रुंद असतं आणि आतलं सगळं पातळ. त्यामुळे गाठ वाढली तरी बराच काळ अडथळा होत नाही, रक्त डोळ्यांना दिसत नाही. ते थेंबाथेंबाने जात राहतं आणि कागदावर नुसता ॲनिमिया उमटतो. यकृतावर तीन डाग होते. चौथी स्टेज.

ऑपरेशन आणि केमोबद्दल इथे लिहीत नाही. हे लिहिणं तक्रारीबद्दल आहे.

दादाला दुसऱ्याच दिवशी पोलिसात जायचं होतं. मी थांबवलं, आणि तेव्हा त्याला ते भ्याडपणाचं वाटलं. पुढे वकीलबाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ती घोर असावी लागते, आणि त्याआधी तपास अधिकाऱ्याने निष्पक्ष डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं, मत घ्यायला हवं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला त्यांना अटक झालेली बघायचीय की त्यांच्याकडून उत्तर हवंय, ते आधी ठरवा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.” दादा त्या दिवशी काही बोलला नाही. पण नंतर एकही तारीख त्याने चुकवली नाही.

वकील गाठण्याआधी माझ्या हातून एक गोष्ट वेळेवर झाली, ती म्हणजे रुग्णालयातले कागद मागणं. मला ते फक्त नव्या डॉक्टरांना दाखवायचे होते. काउंटरवर सांगितलं गेलं, “डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, त्यात सगळं असतं.” ते खरं नसतं. डिस्चार्ज कार्ड हा सारांश. आत केसपेपर, नर्सच्या नोंदी, ओपीडीचे कागद, औषधांचा तक्ता असं बरंच असतं. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे विनियम आहेत. त्यांनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपावे लागतात आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. हा नियम लिहून आईच्या सहीचा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पाचव्या दिवशी ४७ पानं मिळाली, प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का. वकीलबाईंनी ती पानं पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच, की नोटीस देण्याआधी घेतलीत ना? मी हो म्हटल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

ती ४७ पानं वाचायला मला आठ संध्याकाळी लागल्या. अक्षर लागत नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका केमिस्टकडे बसले, कारण ते अक्षर रोज वाचणारा माणूस तोच. एकेक ओळ त्याने वाचली, मी लिहून घेतली. मग चार रकान्यांचा तक्ता केला: तारीख, आईने काय सांगितलं, रिपोर्ट काय आला, डॉक्टरांनी काय लिहिलं. चौथ्या रकान्यात अकरा महिने औषधांचीच नावं होती. ‘कारण’ हा शब्द एकदाही नव्हता. शौचाची तपासणी, एंडोस्कोपी, पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवणं, काहीच नाही. शरीरात साठलेलं लोह मोजणारी फेरिटिनची साधी तपासणी, तीसुद्धा कुठे सांगितलेली नव्हती.

त्या तक्त्यासोबत मी अकरा पानांची हकीकत लिहून नेली होती. वकीलबाईंनी ती शेवटपर्यंत वाचली, हे मी विसरणार नाही. मग तक्ता उचलून म्हणाल्या, “तक्रार यातून होईल. हे अकरा पानी तुमच्याकडेच ठेवा.”

कुठे जायचं, हा प्रश्न तसा लवकर सुटला. राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, तिथे डॉक्टरला ताकीद मिळू शकते, नोंदणी काही काळासाठी रद्द होऊ शकते, पण भरपाई मिळत नाही. तिथेही अर्ज दिला आणि तो अजून चालू आहे. दिवाणी दावा लांबला असता. राहिला जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला लोक अजूनही ग्राहक मंचच म्हणतात. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा मात्र त्यातून वगळलेली आहे. आमच्याकडे बिलं होती. काही पैसे विमा कंपनीने परस्पर भरले होते, पण त्यानेही फरक पडत नाही.

२०१९ च्या नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी आमच्या सोयीच्या निघाल्या. एक म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. आई तेव्हा उपचारांसाठी माझ्याकडे राहत होती, त्यामुळे दर तारखेला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं वाचलं. दुसरी म्हणजे आयोगाची पायरी आपण मागतो त्या भरपाईवरून ठरत नाही, आपण सेवेसाठी दिलेल्या पैशांवरून ठरते. जिल्हा आयोगाची हद्द सध्या ५० लाखांपर्यंत आहे आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. आम्ही भरपाई ३५ लाखांची मागितली आणि फी शून्य लागली. खर्च झाला तो वकील, टंकलेखन, झेरॉक्स आणि नोटरी यांचा. झेरॉक्सला क्षुल्लक समजू नये. प्रत्येक कागदाचे संच आयोगाला, प्रत्येक सामनेवाल्याला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना, आणि स्वतःला लागतात.

मुदत दोन वर्षांची. कुठपासून मोजायची, हाच वादाचा मुद्दा असतो. चूक ज्या दिवशी कळली तिथपासून मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात विचारात घेतलं आहे. पण तोच निकाल शेवटी रुग्णाविरुद्ध गेला, कारण इतकी वर्षं त्रास होत असताना तिने शोध घेतला नाही असं न्यायालयाला वाटलं. म्हणून वकीलबाईंनी जुलै २०२२ ची तारीख बाजूला ठेवून ऑगस्ट २०२१ चा पहिला रिपोर्ट धरला आणि त्यापासून दोन वर्षं व्हायच्या आत, मे २०२३ मध्ये, तक्रार दाखल केली. जानेवारीत दिलेल्या नोटिशीला तोवर उत्तरच आलं नव्हतं.

तक्रारीचा मसुदा आईने स्वतः वाचला. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस होते. उशीला टेकून, पेन्सिल घेऊन बसली. मी लिहिलं होतं, ‘तक्रारदार यांनी छातीत दुखत असल्याचे वारंवार सांगितले.’ आईने ते खोडलं. “दम लागतो म्हणाले होते मी. छातीत दुखतं असं कधी म्हटलं नाही.” पुढे एका ठिकाणी समासात लिहिलं, ‘डिसेंबरमध्ये बोलावलं होतं, मी गेले नाही.’ ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन १०.९ झालं होतं, तिला बरं वाटत होतं आणि तिने ती फेरी चुकवली होती. मी म्हटलं, आई, हे आपण होऊन कशाला सांगायचं? ती म्हणाली, “त्यांच्या वहीत असेलच. आणि नसलं तरी मी गेले नाही ते नाहीच ना गेले.” वकीलबाईंना फोन केला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “राहू दे.”

खरी दमछाक झाली ती तज्ज्ञाचं मत मिळवताना. मी सात डॉक्टरांना भेटले. पाच जणांनी तक्ता पाहून मान हलवली आणि तोंडी सांगितलं की या वयात हे तपासायला हवं होतं. लिहून द्याल का म्हटल्यावर पाचांचीही उत्तरं एकसारखी: आम्हाला याच गावात प्रॅक्टिस करायची आहे. मला त्यांचा राग आला. आता तितका येत नाही, पण ती पाच नावं मी विसरलेही नाही. सहाव्यांनी भेटच नाकारली. सातवे वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सेचे प्राध्यापक. त्यांनी फाइल ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

ती भेट या सगळ्या प्रवासातली सगळ्यात अवघड भेट. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “यातले दोन प्रश्न वेगळे करा. तपासायला हवं होतं का? हवं होतं, ते मी लिहून देतो. पाळी थांबलेल्या बाईत लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया दिसला की वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी एंडोस्कोपी करावी, हे पाठ्यपुस्तकात आहे. पण ऑगस्टमध्ये तपासलं असतं तर तुमची आई वाचली असती का, हे मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.” अशी गाठ तयार व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये ती तिथे होती, शोधली असती तर सापडली असती, हे जवळपास नक्की. आणि त्याच कारणाने यकृतात ती तेव्हाच पोचली नव्हती, असं शपथेवर कुणी सांगू शकत नाही. एकाच वस्तुस्थितीची एक बाजू आमची आणि दुसरी त्यांची.

मी त्यांच्यासमोर रडले. अकरा महिने मी एकच वाक्य मनात घोळवत होते, की यांच्यामुळे आईची ही अवस्था झाली. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून काढून घेतलं आणि त्या जागी दुसरं दिलं: ‘आजार आधी ओळखून उपचाराची जी संधी होती, ती हिरावली गेली.’ हे पहिल्याहून लहान वाटलं, गुळमुळीतही वाटलं. पण शपथपत्रावर सही करताना मला त्यातला प्रत्येक शब्द खरा म्हणता येत होता. त्यांनी दोन पानी मत दिलं. फी घेतली नाही.

सामनेवाले तीन झाले: डॉक्टर, रुग्णालय आणि डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्याची कंपनी. लेखी जबाबाला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा पक्की केली. जबाब ४३ व्या दिवशी आला, तिघांचा जवळजवळ सारखाच. रुग्णाने शौचातून रक्त जाण्याची तक्रार कधी केली नाही. ॲनिमिया बायकांत सर्रास आढळतो. उपचारांना प्रतिसाद मिळत होता. निदानातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. डिसेंबरमध्ये रुग्ण आली नाही. आणि शेवटी, फेब्रुवारीत तिला कोलोनोस्कोपीचा सल्ला तोंडी दिला होता, पण तिने नकार दिला.

हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवायचं की नाही, यावर बाबा आणि मी रात्री उशिरापर्यंत बोललो. सकाळी वाचून दाखवलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “कोलोनोस्कोपी हा शब्द मला जुलैत पहिल्यांदा कळला. जो शब्द ऐकलाच नाही त्याला मी नाही कशी म्हणेन?” वकीलबाईंनी हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं तिच्या पुरावा शपथपत्रात घातलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नोटरी घरी आले आणि आईने त्यावर सही केली. हात थरथरत होता. सहा पानांवर सहा सह्या, एकही दुसरीसारखी नाही.

ग्राहक आयोगात सिनेमातल्यासारखी उलटतपासणी सहसा होत नाही. प्रकरण शपथपत्रं आणि कागदांवर चालतं. समोरच्याला लेखी प्रश्नावली देता येते आणि त्याने शपथेवर लेखी उत्तरं द्यायची. आम्ही नऊ प्रश्न दिले. चौथा प्रश्न: कोलोनोस्कोपीच्या तोंडी सल्ल्याची नोंद ४७ पैकी कोणत्या पानावर आहे? उत्तर आलं: गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक तोंडी सल्ला लिहिणं शक्य नसतं. पाचवा प्रश्न: त्याच भेटीत ‘मीठ कमी खावे’ हा सल्ला लिहिलेला आहे, तो कसा? याला उत्तर आलं नाही, फक्त ‘नोंदीचा भाग’ एवढंच आलं. हे दोन प्रश्न त्या चार रकान्यांच्या तक्त्यातून निघाले होते.

आई नोव्हेंबर २०२३ मध्ये गेली.

तक्रारदार गेल्यावर तक्रार आपोआप संपत नाही, पण आपोआप पुढेही जात नाही. ९० दिवसांच्या आत वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सगळ्यांची शपथपत्रं. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी त्या अर्जाची प्रत तपासत होते. आईच्या नावापुढे ‘मयत’ आणि खाली ‘तर्फे वारस’ म्हणून बाबा, दादा, मी. जानेवारीत अर्ज मंजूर झाला.

त्यानंतर एका तारखेला आयोगाबाहेरच्या बाकावर विमा कंपनीचे वकील बाबांजवळ येऊन बसले. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं २०२० च्या मध्यस्थी नियमांप्रमाणे आयोग मध्यस्थीकडे पाठवत नाही. ते जे बोलले ते खाजगीतलं होतं. रुग्णालय बिलाची सगळी रक्कम परत करेल, माणुसकीच्या नात्याने. बाबांनी विचारलं, “कागदावर काय लिहिणार?” ते म्हणाले, नेहमीचं, कोणाचीही चूक मान्य न करता. बाबा उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. निवृत्तीनंतर पैशांची त्यांना चणचण होती, हे मला माहीत होतं. मी त्यांना काही विचारलं नाही.

मग रखडपट्टी. काही महिने सदस्याचं पद रिकामं होतं आणि नुसत्या तारखा पडत राहिल्या. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. आमच्या रोजनाम्यात २६ तारखा आहेत. मधल्या काळात सामनेवाल्यांनी मागणी केली म्हणून कागद सरकारी वैद्यकीय समितीकडे मतासाठी गेले. समितीचा अहवाल दीड पानाचा होता. ॲनिमियाचे उपचार प्रचलित पद्धतीनुसार दिलेले आहेत, असं पहिल्या परिच्छेदात. कारणाचा शोध घेणे इष्ट ठरले असते, असं शेवटच्या परिच्छेदात. दोन्ही बाजूंनी तोच अहवाल आपल्या बाजूचा म्हणून वाचला.

युक्तिवादात त्यांची सगळी भिस्त बोलम कसोटीवर होती. १९५७ सालचा हा इंग्लंडमधला खटला. जबाबदार डॉक्टरांचा एखादा वर्ग जसं वागला असता तसं डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी ठरत नाही, असं त्यातून आलं आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारलं. वकीलबाईंनी तिला धरूनच उत्तर दिलं. अकरा महिने नुसतं लोह देत राहणाऱ्या डॉक्टरांचा असा वर्ग कुठे आहे? त्याचं मत कुणाच्या शपथपत्रात आलं? बोलिथो या १९९७ च्या खटल्यानंतर इंग्लंडमध्येही नुसतं मत पुरत नाही, ते तर्काला टिकावं लागतं. मग त्यांनी व्ही. किशन राव या २०१० च्या खटल्याचा निकाल पुढे ठेवला. तापाच्या रुग्णाला मलेरिया असताना टायफॉइडचे उपचार दिले गेले होते, म्हणजे चुकलेल्या निदानाचंच प्रकरण. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, चूक उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो, असं तिथे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आणि २०१९ च्या डेंग्यूच्या एका प्रकरणात रुग्णाच्या रक्ताच्या घटकांवर वेळोवेळी लक्ष ठेवलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ लाखांची भरपाई दिली होती. आमच्याकडे तर रक्ताचे चारही आकडे होते, कुणी ते एकाखाली एक ठेवून पाहिले नव्हते.

निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. २२ पानांचा. मी शेवटचं पान आधी वाचलं नाही. पंधराव्या पानावर लॅबचा शेरा जसाच्या तसा उतरवून आयोगाने लिहिलं होतं की ऑगस्ट २०२१ पासून कारण शोधण्याची सूचना कागदावर उपलब्ध असताना ती दुर्लक्षित राहिली, हा निष्काळजीपणा आणि सेवेतली त्रुटी आहे. तोंडी सल्ल्याचा बचाव नोंदीअभावी फेटाळला होता. सोळाव्या पानावर डिसेंबरच्या चुकलेल्या फेरीचा मुद्दा होता. ‘ही बाब तक्रारदाराने स्वतः तक्रारीत नमूद केली आहे, त्यामुळे तिच्या इतर कथनावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही.’ ही ओळ मी बाबांना दोनदा वाचून दाखवली.

अठराव्या पानावर दुसरी बाजू. मृत्यू या विलंबामुळेच झाला, हे सिद्ध झालेलं नाही. उपचाराची संधी गेली, एवढंच ग्राह्य. भरपाई ८ लाख, तक्रार दाखल केल्यापासून व्याजासह. दादा म्हणाला, हरलो की जिंकलो? वकीलबाई म्हणाल्या, जेवढं सिद्ध केलं तेवढं मिळालं. मला त्या प्राध्यापकांची खोली आठवली. आईच्या मृत्यूचं उत्तर मला त्या २२ पानांत मिळणार नव्हतं, हे त्यांनी दोन वर्षं आधी सांगितलं होतं, आणि तरीही मी ते त्या पानांत शोधत होते.

जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याने अपिलासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यांनी ४४ व्या दिवशी अपील केलं आणि निम्मी रक्कम भरली. भरपाई कमी पडली म्हणून आपणही अपील करायचं का, यावर घरात दोन बैठका झाल्या. दादाला करायचं होतं, मला नव्हतं. बाबांनी ठरवलं की करायचं नाही, त्यांच्या अपिलाला उत्तर तेवढं द्यायचं.

पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी लागणाऱ्या कागदांचा संच, तयार झालं आहे, ३१२ पानांचं. लॅबचे चार कागद पान ३३ ते ३६. आईचं शपथपत्र पान १४१ ते १४६, सहा वेगवेगळ्या सह्यांसह. तिने पेन्सिलीने दुरुस्त केलेला मसुदा त्यात नाही, तो पुरावा नाही. तो माझ्याकडे त्या अकरा पानांच्या हकीकतीसोबत ठेवला आहे. राज्य आयोगातली पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे, बाबांनी नोटिशीचं पाकीट कॅलेंडरला टाचून ठेवलंय.